नानांनी बसवलेली थ्रॉटल बॉडी

माझे सासरे, नाना, रेल्वेत फिटर होते. सगळी नोकरी भुसावळला डिझेल इंजिनांवर गेली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी घरातली कुठलीही वस्तू बाहेर दुरुस्तीला गेलेली त्यांना खपत नाही. आमची गाडी जुनी, पेट्रोलवरची. नवरा नोकरीला पुण्यात, त्यामुळे ती मीच चालवते. रोज भुसावळहून बोदवडला जाते. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात मी भूगोल शिकवते.

गेल्या वर्षी गाडीचा ॲक्सिलरेटर अडकायला लागला. पाय उचलला तरी रेस उतरायची नाही. इंजिनात किती हवा जाऊ द्यायची हे जिथे ठरतं, ती थ्रॉटल बॉडी झिजली होती. कंपनीची मागवायची तर महिनाभर थांबावं लागणार होतं. नाना जळगावला गेले आणि दुसऱ्याच कुठल्या तरी बनावटीची घेऊन आले. "माप तेच शे," म्हणाले. गाव पारोळ्याकडचं, त्यामुळे घरात ते अजून अहिराणीच बोलतात. बाहेरच्यांशी मात्र शुद्ध मराठी.

रविवारी सकाळी अंगणात त्यांनी ती बसवली. मी त्यांना पाने-पकडी देत होते. दोन वर्षांपासून नानांचे हात थोडे कापतात. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. त्या सकाळी मात्र हात अजिबात कापले नाहीत, हे मी बघत होते. गाडी सुरू केली तर रेस फारच जास्त. नानांनी कान लावला, बाजूचा एक स्क्रू थोडा थोडा फिरवत गेले आणि आवाज खाली आला. स्क्रू ड्रायव्हर फडक्याला पुसत ते म्हणाले, "आते जाय बोदवडले."

सोमवारी पहिल्याच गतिरोधकावर गाडी बंद पडली. क्लच दाबला की रेस दाखवणारा काटा खाली जायचा, वर यायचा, परत खाली जायचा आणि इंजिन गप्प व्हायचं. वेगात असताना काही त्रास नाही. थांबायची वेळ आली की हे असं. मी उजव्या पायाने ब्रेक दाबता दाबता टाचेने रेस सांभाळायला शिकले. संध्याकाळी नाना विचारायचे, "कशी चालनी?" मी म्हणायचे, "छान, नाना." असे तीन आठवडे गेले.

मग एक दिवस बोदवडच्या रेल्वे फाटकाजवळ गाडी बंद पडली ती सुरूच होईना. मागे एसटी, ट्रॅक्टर, दुधाच्या मोटरसायकली. एसटीचे ड्रायव्हर खाली उतरले, दोघांना हाताशी घेऊन त्यांनी गाडी कडेला ढकलली आणि जाताना म्हणाले, "ताई, दाखवून घ्या एकदा." अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली, पण पहिला तास बुडाला.

परत येताना भुसावळच्या एका गॅरेजात गेले. तिथले मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी चालू इंजिनावर, थ्रॉटल बॉडी जिथे जोडलेली होती त्या सांध्यावर, स्प्रे मारला. लगेच आवाज बदलला.

"इथून हवा घेतेय," ते म्हणाले. "पॅकिंग नीट बसलेलं नाही. अन् हा स्क्रू कोणी फिरवला?"

"घरीच फिरवला."

"गाडी ठेवून जा. उद्या देतो."

ते सोपं होतं. नानांना कळलंही नसतं. पण मी म्हणाले, "रविवारी आणते."

घरी आले तेव्हा नाना गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. समोर बसून मीही मोडायला लागले आणि सांगितलं.

"रोज बंद पडस?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"कितला दिन झायात?"

"तीन आठवडे."

त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. मला वाटलं होतं, काम चुकलं याचं त्यांना वाईट वाटेल. ते रागावले ते वेगळ्याच गोष्टीवर. रागावले की ते माझ्याशीही ऑफिसातलं मराठी बोलतात. "ड्रायव्हरने इंजिनाची खोड सांगितलीच नाही, तर फिटरने काय करायचं? फाटकात रुळावर बंद पडली असती म्हणजे?" मी ताट उचलून आत नेलं.

रविवारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसले. गॅरेजात मिस्त्रींनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. थ्रॉटल बॉडी काढून मिस्त्रींनी तिच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरली. पट्टीखालून उजेड दिसत होता.

"नाना, ही मुळातच वाकडी आहे," मिस्त्री म्हणाले. "त्या फटीतून हवा जात होती, म्हणून रेस वाढली. तुम्ही स्क्रूने उतरवली. पण मग हवेच्या वाटेवरची आतली पाती जास्तच मिटली, आणि पाय उचलला की इंजिनाला पुरेशी हवा मिळेना."

नानांनी पट्टी स्वतः धरून बघितली. "मी बसवण्याआधी हे बघायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "रेल्वेच्या शेडमध्ये बघितल्याशिवाय आम्ही काही जोडत नव्हतो."

मिस्त्रींनी काचेवर पॉलिश पेपर अंथरला. ते तोंड घासून सपाट करायचं काम नानांनी मागून घेतलं. अर्धा तास ते घासत होते, मधूनमधून पट्टी लावत होते. हात कापत होते, पण काम सरळ होत गेलं. मग नवं पॅकिंग बसलं, स्क्रू मूळ जागी आला. बॅटरीची तार थोडा वेळ काढून परत जोडली आणि मिस्त्रींनी गाडी सुरू केली.

"आता दहा मिनिटं कोणी रेस द्यायची नाही. हिचा कॉम्प्युटर नव्याने शिकतोय."

काटा वरखाली होत राहिला. नानांचा हात स्क्रूकडे गेला. "नाना, राहू द्या," मिस्त्री हळूच म्हणाले. नानांनी हात पाठीमागे बांधले. चहा आला, संपला. हळूहळू आवाज एकसारखा झाला. इंजिनावर भार यावा म्हणून मी एसी लावला. काटा जरा दबला आणि जागेवर आला.

"हाऊ आवाज बरा शे," नाना म्हणाले, ते मिस्त्रींनाच.

थंडीत सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं रेस अजून थोडी जास्त राहते. मिस्त्री म्हणतात, एवढं चालायचंच. नाना रोज विचारतात आणि मी असेल ते सांगते. मागच्या महिन्यात मी म्हणाले, "आज एकदा बंद पडली." ते चप्पल घालून लगेच बाहेर गेले, बॉनेट उघडलं. बॅटरीची तार सैल झाली होती.