शिवणीत राखलेलं कापड

मोठ्या दवाखान्यासमोर आल्टरवाल्या ताईंचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखाली एक मशीन आणि एक स्टूल. आजाराने खंगलेल्या माणसांचे ढगळ झालेले कपडे त्या आत घेऊन द्यायच्या. "दर महिन्याला घटणारं गिऱ्हाईक धरून कुणाचं भलं झालंय?" नवरा कुरकुरायचा. पण ताईंचा जीव त्या माणसांतच अडकलेला.

त्यांचा एक हट्ट होता, खूळ म्हणा हवं तर. जास्तीचं कापड त्या कधी कापत नसत, आतल्या आत दुमडून शिवत. "बरे झालात की या, फुकट उसवून देईन," असं प्रत्येकाला सांगत. अकरा वर्षांत उसवायला एकही माणूस आला नव्हता. तरी कात्री काही चालली नाही.

शाळेतून निवृत्त झालेले मास्तर तीच पँट चौथ्यांदा आत घ्यायला आले, ते लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन. माप घ्यायला ताईंनी सदरा वर केला, तर कमरेची कातडी दोन्हीकडे सोललेली.

"हे कशानं झालं?"

मास्तरांनी सदरा खाली ओढला. लेकच म्हणाली, "आतलं कापड टोचतं. किती दिवस सांगतेय, कापून घेऊ. ऐकतच नाहीत."

"अगं, त्या एवढ्या आशेनं ठेवतात," मास्तर पुटपुटले. "त्यांचं मन कसं मोडायचं?"

ताईंनी कापड कापलं. पँट हातात दिली, पण बोलल्या काहीच नाहीत. नेहमीचं वाक्य ऐकायला थांबल्यासारखे मास्तर पायरीशी जरा घुटमळले, मग निघाले.