उजव्या खिडकीतला समुद्र

"घाई न्हाय आपल्याला," म्हणत काका माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसत आणि मग उठायचं नाव घेत नसत. माझं भिवंडीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काका जवळच्याच शेलार गावचे. जन्म पॉवरलूमच्या खडखडाटात गेल्यामुळे शेजारी बसलेल्याशीही रस्त्यापलीकडे असल्यासारखे बोलत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम चिमूटभर असतं, पण घरी वाट पाहणारं कोणी नसतं.

काकी गेल्यावर मुलीने त्यांना तिचा जुना कॉम्प्युटर दिला. त्यावर मी रेल्वेचा सिम्युलेटर टाकून दिला. त्यात रूळ, झाडं, स्टेशनं आपणच मांडायची आणि मग त्यावरून गाडी चालवायची. कुठला मार्ग घ्यायचा यावर आमचा बराच खल झाला. मी कसाऱ्याचा घाट सुचवला, माथेरानची छोटी गाडी सुचवली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोकणची लाइन धरली, कारण तिकडे काकींचं माहेर.

काही महिन्यांनी त्यांनी मला घरी बोलावून गाडी दाखवली. डावीकडे डोंगर, भातखाचरं, आंबे, सगळं जागच्या जागी. उजवीकडे मात्र नुसती सपाट जमीन, ना झाड ना घर. मला वाटलं, सॉफ्टवेअर बिघडलं.

"बिघडलं न्हाय," काका म्हणाले. "तिच्या माहेरी जाताना मी डाव्या दारात सामान धरून उभा. उजव्या खिडकीत ती. काय दिसतंय विचारलं की म्हणायची, समुद्र. मी कवा बघितला?"

नकाशा बघून भरा म्हटलं, तर ऐकेनात. शेवटी एकटेच खऱ्या गाडीने निघाले आणि उजवी खिडकी धरून सासुरवाडीच्या स्टेशनापर्यंत जाऊन आले. परतल्यावर दुकानात आले, पण स्टुलावर बसले नाहीत.

"समुद्र न्हाय तिथं. नुसती दरड आन् झाडी. इतकी वर्षं बनवलं मला." ते हसायला लागले आणि मधेच थांबले. "आता भांडू कुणाशी?"

मला फार वाईट वाटलं.

काका वारल्यावर मुलीने तो कॉम्प्युटर माझ्याकडे आणून दिला. सगळं पुसून कुणा गरजूला द्या, म्हणाली. मी अजून पुसलेला नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती गाडी लावतो. रोहा सुटलं की उजवीकडे काकांनी मांडलेला समुद्र सुरू होतो, तो शेवटच्या स्टेशनापर्यंत संपत नाही.

परवा चार्जर घ्यायला आलेले एक कोकणातले गृहस्थ पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, "या लाइनीवरून समुद्र दिसत नाही हो."

"उजव्या खिडकीत बसावं लागतं," मी म्हणालो.