वाटीच्या हातानं

आमच्या खोलीत मुलांचा कफ सुटतो आणि माझ्याकडे किस्से साठतात. अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात मी फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्या मुलांना श्वासाची फिजिओथेरपी देते. खोकला केसपेपरवर लिहिते, बाकीच्याला रकानाच नाही.

सात वर्षांच्या गोदाला उशीवर पालथं घालून, तळहाताची वाटी करून मी तिची पाठ थोपटत होते. दारात तिचे आजोबा.

"बाई, लेकरू आधीच आजारी. मारताय कावून?"

"मारत नाही आजोबा. यानं आत चिकटलेला कफ सुटतो."

बराच वेळ बघत बसले. गोदा उठली, तसे सदरा वर करून त्याच पलंगावर पालथे झाले.

"माझ्याबी हाणा चार. बिडीचा लई जुना हाय."

गोदाला घरी मेणबत्ती विझवायचा सराव दिला होता. आठ दिवसांनी आई तक्रार घेऊन आली. चुलत भावाच्या वाढदिवसाला केकवरच्या मेणबत्त्या गोदानं लांबूनच विझवल्या. पुन्हा पेटवल्या, पुन्हा विझवल्या. "बाईनं रोज दहादा सांगितलंय," म्हणे. भाऊ रडून लाल. मी चेहरा गंभीर ठेवला. महिन्यापूर्वी या पोरीला एक वाक्य पुरं बोलताना दम लागायचा.

वॉर्डात दाखल असलेल्या नऊ वर्षांच्या सलमाला तीन रंगीत गोळे असलेलं यंत्र दिलं. श्वास ओढला की गोळे वर चढतात. तिचा एकही हलेना. तिसऱ्या दिवशी तिच्या सरावाच्या वहीत लिहिलेलं, 'तिन्ही वर.' मी खूश होऊन बघायला गेले, तर यंत्र टेबलावर उलटं ठेवलेलं.

"वरच्या रेघेला टेकले पायजेत म्हनल्या ना? टेकलेत की."

पुढे तिनं ते सरळ धरूनही टेकवले. घरी सोडायची वेळ आली. मोठे डॉक्टर राउंडला आले.

"घरी रोज थोपटणार कोण?"

"मी," तिचे वडील रहीमभाई म्हणाले. ते गाड्यावर टरबूज विकतात.

"करून दाखवा. जमलं तरच सोडतो."

रहीमभाईंनी आधी लेकीच्या पाठीवर बोटं वाजवली, कान लावला. "इथं मोकळं हाय. इथं भद्द वाजतंय."

सरांनी स्टेथोस्कोप लावला. कफ नेमका तिथंच. रहीमभाईंनी तिथंच वाटीच्या हातानं थोपटलं, सलमानं खोकून मोकळा केला.

"हे कुठं शिकलात?"

"टरबुजावर, सर."

सर हसले, हसता हसता खोकले आणि पाठ फिरवून म्हणाले, "माझी बघा बरं."

रहीमभाईंनी वाजवलं. कान लावला. परत वाजवलं.

"सर, हे टरबूज मी गिऱ्हाइकाला दिलं नसतं."

सरांनी सलमाच्या कागदावर सही केली आणि राउंड तिथंच सोडून एक्स-रेच्या खोलीकडे गेले.