मामाजींचा कंट्रोल प्लॉट

निलेशनं आणलेल्या खुलाशात उशिरा आलेला पाऊस होता, मजुरांची टंचाई होती, वावरात शिरलेले रोही, म्हणजे नीलगायीसुद्धा होत्या. फक्त त्यानं स्वतः काय केलं, तेवढं नव्हतं. मी कागद टेबलावर ठेवले आणि विचारलं, बाबा, हा खुलासा आहे की हवामानाचा अंदाज? तो मान खाली घालून बसला. याआधीचा मसुदाही असाच होता आणि त्याआधीचाही. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

माझं काम थोडं सांगते. मी कृषी संशोधनातून रिटायर झाले. आता वाशीमला घरीच रिसर्च इंटिग्रिटीचं कोचिंग करते. शेजारच्या बायकांना वाटतं, मी नीटचे क्लास घेते. तसं नाही. एखाद्या संशोधकानं आकडे फिरवले, न विचारता लोकांची माहिती वापरली, असं काही उघडकीला आलं की त्याची संस्था कमिटी बसवते. शिक्षा करायची ती कमिटी करते. माणूस सुधारण्यासारखा वाटला तर त्याला माझ्याकडे पाठवतात. मी त्याच्याबरोबर बसते, काय झालं ते त्याच्याच तोंडून काढते आणि त्यालाच निस्तरायला लावते. यातली बहुतेक माणसं बदमाश नसतात, भिडस्त असतात. बदमाश परवडला. आपण काय केलं, ते निदान त्याला ठाऊक असतं.

निलेश सोयाबीनच्या बियाण्याला लावायच्या एका जिवाणू खतावर पीएच.डी. करत होता. प्रत्येक वावराचे दोन भाग. एका भागात खत लावलेलं बियाणं, दुसऱ्यात साधं. या दुसऱ्याला कंट्रोल प्लॉट म्हणतात. त्याला वरून काही द्यायचं नाही, जसं येईल तसं येऊ द्यायचं. त्याच्याशी तुलना केली तरच नव्या खताचा गुण कळतो. असे प्लॉट पाचसहा गावांत होते. बाकी सगळीकडे ठीक होतं. बोंब होती ती कामरगावची.

पेपर छापून आला. त्यात कामरगावच्या कंट्रोल प्लॉटचं उत्पन्न दुसऱ्या भागाच्या निम्मं दाखवलं होतं. एका वाचकाला शंका आली, म्हणून संपादकांनी वावराचे फोटो मागितले. या पठ्ठ्यानं न बघता पाठवून दिले. फोटोत दोन्ही भाग सारखेच हिरवेगार, आणि मधोमध कमरेवर हात ठेवून हसत उभे असलेले वावराचे मालक. म्हणजे खोटेपणासुद्धा धड करता आला नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

कमिटीची अट सरळ होती. महिनाअखेरपर्यंत खरा खुलासा द्यायचा, पेपर मागे घ्यायचा आणि ज्याच्या वावराचे आकडे बदलले त्या शेतकऱ्याला स्वतः जाऊन सांगायचं. नाहीतर पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. तरी हा रोह्यांच्या गोष्टी लिहीत होता.

शेवटी त्या दिवशी मी आवाज चढवला तेव्हा तो बोलता झाला. वावर त्याच्या सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं होतं. कंट्रोल प्लॉट नेमका रस्त्याच्या बाजूला आला होता. निलेशनं पेरणीच्या वेळी सांगितलं होतं, याले काही टाकू नका. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. मामाजींना वाटलं, जवाई आपला खर्च वाचवून राह्यला. पीक पिवळं पडायला लागलं, येणारे-जाणारे विचारायला लागले, तेव्हा त्यांनी सरळ खत फेकलं आणि फवाराही मारला. निलेशनं ते हिरवं वावर डोळ्यांनी पाहिलं. बोलला मात्र नाही. मळणीनंतर दोन्ही भागांचं वजन सारखं भरलं, तर याच्या मनात जो आकडा होता तो यानं लिहून टाकला.

“तो प्लॉट बाद का नाही केलास?” मी विचारलं. “‘कंट्रोलला खत पडलं’, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.”

“मॅडम, मंग त्यायलेही सांगा लागलं असतं ना. मी जवाई आहो त्यायचा. त्यायची चूक कशी काढू?”

कमिटीला हा भीत नव्हता. सासऱ्यांना भीत होता.

आम्ही बसनं कामरगावला गेलो. बोलायचं त्यानंच, मी फक्त शेजारी बसणार, हे आधीच ठरलं होतं. माझ्या कामात हा नियमच आहे. आणि तो पाळणं फार छळवादी आहे. जवाई आला म्हणून घरात रोडगे आणि वांग्याची भाजी झालेली. निलेश जेवता जेवता तुरीच्या भावावर बोलला, बसच्या गर्दीवर बोलला, मेहुण्याच्या नोकरीवर तर त्यानं चऱ्हाटच लावलं. मी दोनदा खाकरले. सासूबाईंनी मला पाणी आणून दिलं.

शेवटी ताटाकडे बघत तो म्हणाला, “मामाजी, तुमी त्या भागात खत फेकलं, त्यानं माही चाचणी बिघडली.”

मामाजी शांतपणे म्हणाले, “फेकलं ना. रस्त्याच्या कडीले पिवळं पीक ठेवून लोकायले काय तोंड दाखवू? अगोदर बोलले असते तं आतलं वावर देलं असतं.” आणि त्यांनी निलेशच्या ताटात आणखी एक रोडगा वाढायला सांगितलं.

निलेशचा चेहरा इतका मोकळा झाला की मला त्याची कीवच आली. त्याला वाटलं, झालं. मी नियम मोडला आणि म्हणाले, पुढचं सांग.

त्यानं सांगितलं. त्या भागात निम्मंच पिकलं असं लिहिलं, म्हणाला.

मामाजींचा हात ताटात थांबला. “कोन्या वावरात?”

“आपल्या.”

“अन् छापलं?”

“हो.”

“माहं नाव हाये त्यात?”

“आभारात आहे, मामाजी.”

मामाजी म्हणाले, “मी खत फेकलं ते सगळ्या गावासमोर फेकलं. तुमी माहं वावर लपून नापीक केलं, जवाईबुवा.” ताट तसंच टाकून ते हात धुवायला उठले. बाहेरूनच सांगितलं, की आधी ते कागदावरचं नीट करा, मग या घरी.

निलेशनं तिथंच बाजेवर बसून खुलासा लिहिला. एका पानात मावला. मला एक शब्दही बदलावा लागला नाही. इतके दिवस माझा जीव कशाला खाल्ला, असं विचारणार होते, पण त्याचे डोळे भरलेले पाहून गप्प बसले.

पेपर मागे घेतला गेला. रजिस्ट्रेशन वाचलं, एक हंगाम गेला. नवी चाचणी शिरपूर जैनच्या बाजूला, ओळख ना पाळख अशा माणसाच्या वावरात आहे, आणि कंट्रोल प्लॉट कशाला म्हणतात हे निलेशनं त्या माणसाला आधी बसून समजावलं. माझ्याकडे नवीन कुणी आलं की हल्ली मी आकडे नंतर बघते. पहिल्यांदा विचारते, की तुम्ही कुणाचं मन राखायला गेला होता? उत्तर बहुतेक वेळा तिथंच असतं.

निलेशचं सासरी जाणं-येणं पुन्हा सुरू झालं आहे. पाहुणचारात काही कमी नाही, असं तो सांगतो. फक्त पूर्वी सोयाबीनवर अळी दिसली की मामाजी पहिला फोन त्याला लावायचे. आता ते कृषी केंद्रवाल्याला विचारतात.