सातव्या खिडकीमागची खोली

बंगल्यावर सगळे तिला काकूच म्हणत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका सूत-व्यापाऱ्याने हौसेने बांधलेला तो तीन मजली, लाल विटांचा बंगला आता संग्रहालय झाला होता आणि गेली एकोणीस वर्षं त्याची झाडलोट काकू करत होती. टोकदार कमानी, छपरावरचा मनोरा, रंगीत काचांचा जिना बघून पाहुणे माना मोडेपर्यंत वर बघत. काकूला मात्र तिथे फक्त धूळ दिसे. "कठड्यावर ही द्राक्षं ज्याने कोरली ना, त्याने जन्मात फडकं हातात धरलेलं नाही!" ती म्हणायची. वरच्या मजल्यांवर पाणी नव्हतं. बादली घेऊन नोकरांच्या अरुंद जिन्याच्या अठ्ठावन्न पायऱ्या चढायच्या. गुडघे कुरकुरायचे, तोंडही.

एकदा रंगकामासाठी बाहेरून परांची बांधली. काकू पदर खोचून चढली आणि बाहेरच्या काचा पुसून काढल्या. खाली आली ती थेट व्यवस्थापकांच्या टेबलापाशी.

"साहेब, वरच्या मजल्याला मागच्या बाजूने सात खिडक्या आहेत. आतून मी सहाच पुसते."

"मोजताना चुकलं असेल, काकू."

"काचा पुसणारीचं मोजमाप चुकत नाही. माझा खांदा साक्षीला आहे."

साहेब हसले. "अहो, त्या काळी घर दोन्हीकडून सारखं दिसावं म्हणून खोट्या खिडक्या बसवत. पुस्तकात आहे तसं."

"मग खोट्या खिडकीला आतून पडदा कशाला लावतील?"

साहेबांचं हसू मावळलं. टाय सावरत, देवाचं नाव घेत ते परांचीवर चढले आणि उतरले ते आर्किटेक्ट बाईंना फोन करतच.

बाईंनी वरच्या मजल्यावर भिंतीला मारलेल्या लाकडी फळ्यांवर टकटक करत एक पोकळ जागा शोधली. सुताराने फळी काढेपर्यंत साहेबांनी मनातल्या मनात जुनी पत्रं, दागिने, गेला बाजार एखादा सांगाडा तरी बघून घेतला होता.

आत निघाला दगडी हौद, पितळी नळ आणि खुंटीला लटकलेला वाळका कुंचा.

"मोलकरणींची खोली," आर्किटेक्ट बाई म्हणाल्या. "बादल्या नेणारी माणसं मालकांच्या नजरेला पडू नयेत, म्हणून भिंतीआड. पुढे कुणीतरी बुजवून टाकली."

साहेबांचा चेहरा पडला. काकू मात्र हौदाच्या कडेवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "एकोणीस वर्षं बादल्या वाहतेय मी, आणि नळ भिंतीपलीकडे!"

हसता हसता तिचं लक्ष फळीमागच्या जुन्या दाराच्या आतल्या बाजूला गेलं. खिळ्याने कोरलेलं एका बाईचं चित्र होतं, नाक चांगलं वीतभर लांब. खालच्या दालनात मालकिणीचं तैलचित्र होतं, त्यातलंच ते नाक. कुण्या मोलकरणीने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी राग काढून ठेवला होता. काकूने त्या रेघांवरून हळूच बोट फिरवलं.

कुणी आत शिरू नये म्हणून साहेबांना खोलीपुढे दोरी बांधायची होती. काकू अडून बसली. "दोरी बांधा, पण आधी नळाला पाणी आणा." शेवटी प्लंबर आला.

आता पाहुण्यांची खरी गर्दी तिथेच होते आणि माहिती काकू सांगते. साहेबांनी लिहून दिलेला कागद तिने खिडकीची फट बुजवायला वापरला. परवा एका पाहुण्याने विचारलं, "मालकांची निजायची खोली कुठेय हो?"

"ती तिकडे," काकू म्हणाली. "मोठी आहे. पण बघण्यासारखं काही नाही तिथे."