सरोजबाईंची ओ

डोंबिवलीच्या सरोज गोगटेबाईंना रॉक संगीतातलं काय कळतं, असं विचारलंत तर त्याच सांगतील, "काही म्हणजे काही नाही." शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला, कान भावगीतांवर पोसलेले. पण एक इंग्रजी गाणं मात्र त्यांच्या अगदी हक्काचं होतं. का, तर त्यात त्यांचं नाव होतं!

हसू नका. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आनंदरावांनी ती कॅसेट लावली. गिटारचा धुमाकूळ, ड्रमची बडवाबडवी. बाईंना वाटलं, शेजारचे आता भांडायला येणार. मग एकदम सगळं गप्प झालं आणि तो गोरा गडी जीव तोडून ओरडला, "सरोऽज!" आत पोळ्या लाटणाऱ्या बाई सवयीने म्हणाल्या, "ओ!" आनंदरावांची हसून हसून पुरेवाट. "बघ, साता समुद्रापलीकडून हाक मारतोय तुला!" तेव्हापासून रीतच पडली. बाहेर कॅसेट लागायची, हाक यायची, आतून ओ जायची. लेक अंतरा तर वर्गात सांगत सुटलेली की आमच्या आईवर इंग्लिश गाणं आहे.

पुढे टेपरेकॉर्डर बिघडला, मग आनंदरावांचे कान. त्यांचं ऐकायचं मशीन कानापेक्षा चष्म्याच्या डबीतच जास्त. गाणं घरातून गेलंच. बाईंच्या डोक्यातलं कुतूहल मात्र जाईना. या बाबाला सरोज भेटली कुठे? त्या काळी ही मंडळी योग शिकायला हृषीकेशला यायची म्हणे, तिथे? की गोव्याला? आणि तिने त्याला काय म्हणून नाही म्हटलं असेल?

अंतरा राहते घोडबंदर रोडला. तिच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जुना रॉक ऐकणाऱ्यांचा कट्टा भरतो. प्रत्येकाने एक गाणं सांगायचं, त्याची आठवण सांगायची, मग बाकीच्यांनी मतं द्यायची. हे कळल्यावर बाईंना कुठला दम निघतोय! "तुम्हीपण चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"त्या गोंगाटात माझं मशीन शिट्ट्या मारतं. तू जा. पण तिथे कुणाला काही विचारत बसू नकोस हं."

बाईंना वाटलं, लाजताहेत.

कट्ट्यावर बाईंची भलतीच करमणूक झाली. एक आजोबा सांगत होते, एका गिटारच्या तुकड्यावर त्यांनी इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा काढली. एका मुलीला त्यातला ड्रमर रडका वाटत होता. कट्ट्याचा म्होरक्या केदार, घरभर रेकॉर्डी जमवलेला माणूस, त्याचं मत असं की कॅसेट म्हणजे करपलेल्या फोडणीची आमटी. नाट्यसंगीतवाले भांडतात तसेच हेही भांडतात की, बाईंना गंमत वाटली.

मग त्यांची पाळी आली. त्यांनी सगळं रंगवून सांगितलं, ओ सकट. शेवटी विचारलं, "तर ही सरोज कोण, सांगाल का कुणी?"

केदारने लगेच ती रेकॉर्ड काढली, फुंकर मारली आणि कपाटाएवढ्या स्पीकरवर लावली. अगंबाई, केवढं स्वच्छ! गिटारच्या खाली कुणीतरी पेटीसारखं काहीतरी वाजवत होतं, ते बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. मग सगळं गप्प. मग हाक.

"सॉरोज."

"काकू, सॉरोज," केदार म्हणाला. "म्हणजे दुःखं. दुःखांना हाक मारतोय तो."

सगळे हसले, प्रेमानेच हसले. अंतरा फिस्कारली, "ए केदार, गप ना!" बाईही हसल्या. हसण्यावाचून दुसरं करणार काय?

गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला. "तुझ्या बाबांना माहीत असणार गं. कॉन्व्हेंटात शिकलेला माणूस! मी आपली आयुष्यभर खुळ्यासारखी ओ देतेय, आणि हे बाहेर बसून हसताहेत."

"आई, अगं मजा केली असेल."

"माझीच ना? मीच सापडले!"

घरी आल्या आल्या त्या कडाडल्या, "अहो, तो सॉरोज म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं?"

आनंदरावांनी डबी उघडली, मशीन कानात बसवलं. प्रश्न मशीनशिवायही पोचला होता. "होतं," ते म्हणाले.

"लाज नाही वाटली?"

"ऐकून तरी घे. कॉलेजात मी ते गाणं रोज ऐकायचो. सॉरोजच म्हणतो तो. मग तुझं स्थळ आलं. मामांनी नाव सांगितलं, सरोज. घरी येऊन गाणं लावलं, आणि तेव्हापासून मला सॉरोज कधी ऐकूच आलं नाही गं. मुद्दाम कान देऊन बघितलं, तरी नाही."

"थापा मारू नका."

"फोनवर असेल ना ते? लाव. घे परीक्षा."

बाईंनी रागारागाने गाणं लावलं, फोन त्यांच्या पुढ्यात आदळला आणि स्वयंपाकघरात गेल्या. डोळे भरलेले त्यांना दाखवायचे नव्हते. आज ओ द्यायची नाही म्हणजे नाही, त्यांनी ठरवून टाकलं. गिटार धुमसली. ड्रम बडवून झाले. सगळं गप्प झालं. बाईंनी श्वास धरला.

सॉरोज. अगदी स्पष्ट, सॉरोज. आता काही इलाज नव्हता.

"आलं बघ!" बाहेरून आनंदराव ओरडले, मशीनवाली माणसं ओरडतात तसे. "तुलाच हाक मारली!"

गाणं संपलं. बाहेर खुर्ची करकरली. आनंदराव कानातल्या मशीनवर बोट दाबून वाट बघत होते.

"सरोज?" या वेळी ते स्वतःच म्हणाले.

"ओ," बाई म्हणाल्या. मग त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्याने, "ओ!"