नमुना क्रमांक चौदा

"काठी काढा," साहेब म्हणाले. "बाई राहू द्या. काठी बरी दिसत नाही."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. टेंभी नाक्याजवळ माझा रिटचिंगचा स्टुडिओ होता. रिटचिंग म्हणजे फोटोवरचे डाग, ओरखडे घालवणं. वीस वर्षं ते ब्रशने केलं, मग कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला. या साहेबांच्या सरकारी कार्यालयाने इंग्रजांच्या काळातले फोटो प्रदर्शनासाठी मोठे करायला दिले होते. त्यात एक कोळीण होती. शेजारी उंची मोजायची काठी, खाली 'कोळी स्त्री, नमुना क्रमांक चौदा'. गुरांसारखी मापं घ्यायची आणि नाव विचारायचं नाही! आणि आमच्या साहेबांना लाज वाटली ती फक्त काठीची.

"मग 'नमुना' पण काढू?" मी विचारलं.

"छे! ते मूळ रेकॉर्ड आहे."

काठी उद्या बघू म्हणून पहिला प्रिंट टेबलावर ठेवला. तेवढ्यात आमच्याकडे मासळी देणाऱ्या, चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या हिराबाई आल्या. सत्तरी उलटलेली बाई. प्रिंट दिसताच त्यांनी टोपली खाली ठेवली.

"आरं, ही तं माजी आजीस, धाकलीबाय! सायबानं काठीशी उभी केली, दुपार जाली, समदा म्हावरा नासला. मरंपरयंत त्याला शिव्या देत व्हती. पन हातावरचा गोंदन कंय गेला?"

"कसलं गोंदण?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. मनगटाच्या वर सात ठिपके, खाली मासोळी. "तिनंच माज्या हातावर काढून घेतला. तिच्यासारखाच."

जुन्या फोटोंना बुरशी लागते, तिचे बारीक काळे ठिपके पडतात. आदल्याच दिवशी त्या हातावरचे ठिपके मी बुरशी समजून पुसले होते. सातच होते. खालची मासोळी ओरखडा म्हणून पुसली. हार्डडिस्क भरली होती म्हणून त्याच फाइलवर सेव्हही केलं. वीस वर्षांचा अनुभव म्हणे!

लगेच साहेबांना फोन केला. "बाईचं नाव धाकलीबाय. मूळ फोटो परत द्या, पुन्हा स्कॅन करतो. आणि खाली नाव घालू."

"मूळ फोटो कपाटात गेला. आणि पुरावा काय?"

"मूळ फोटो न बघता तिच्या नातीने सात ठिपके सांगितले."

"कोळणीच्या सांगण्यावरून रेकॉर्ड बदलायचं? उद्या कोणीही येईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काठी लावणाऱ्याने लिहिलं ते रेकॉर्ड, आणि नात सांगते त्या गप्पा!

फोन ठेवला आणि स्कॅनरचं झाकण उघडलं. "हिराबाई, इथे हात ठेवा."

"काचंला मासलीचा वास लागंल रं."

"लागू दे."

स्कॅनमधल्या सुरकुत्या काढल्या, ठिपके आणि मासोळी उचलून आजीच्या हातावर बसवली. काठी मुद्दाम ठेवली. मोठा केलेला फोटो लावलेलं पॅनल थेट प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या सकाळीच पोचवलं. साहेब चिडले, पण बदलायला वेळ नव्हता. खाली 'नमुना क्रमांक चौदा'ची पट्टी मात्र त्यांनी स्वतः उभं राहून चिकटवून घेतली.

हिराबाई आल्या आणि पॅनलला हात लावून उभ्या राहिल्या. येईल त्याला सांगायच्या, "हिचा नाव धाकलीबाय." लोक पट्टी वाचायचे, मग दोन्ही हात बघायचे.

"मावशी, बाजूला व्हा," साहेब म्हणाले.

"नाय व्हनार. माजी आजीस दुपारवरी उभी व्हती."

हॉल बंद होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. कार्यालयाच्या रेकॉर्डमध्ये धाकलीबाय शेवटपर्यंत चौदा नंबरच राहिली. मी एवढंच शिकलो, की डाग पुसण्याआधी तो कोणाचा आहे ते विचारावं.